औषध देण्यापूर्वीची रेघ

आमच्या सरांच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम काळी असत आणि अंगातला शर्ट कायम पांढरा. बोटांची काजळी शर्टाला कधी लागली नाही. हे कसं जमायचं, ते मला आजही सांगता येणार नाही. खडू, चष्मा, दाराची कडी, चहाचा ग्लास, कशालाही ते इतक्या हलक्या हातानं धरत की त्या वस्तूला कळूसुद्धा नये. रत्नागिरीच्या आमच्या फार्मसी कॉलेजात त्यांचं नाव काजळीसर पडलं होतं. नवी मुलं समजायची, सर काजळी नदीच्या काठचे असतील. ते होते पूर्णगडचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. आणि काजळी होती ती रॉकेलच्या दिव्याची.

त्या काळी आमच्या प्रयोगशाळेत अजून ड्रम होते. पितळेचा उभा डबा, त्याच्याभोवती गुळगुळीत पांढरा कागद ताणून चिकटवायचा, आणि खाली धुराचा दिवा धरून ड्रम हळूहळू फिरवत राहायचं. कागद आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळा होत जायचा. सर त्याला मखमल म्हणायचे. जास्त काळा झाला तर काजळीचे पापुद्रे सुटतात, कमी झाला तर रेघ उमटत नाही. ते मधूनच दिवा बाजूला करायचे, एक डोळा मिटून कागदाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "अजून दोन फेऱ्या. ही रात्र आहे, हिला पुरती होऊ दे."

मग त्या काळ्या कागदाला एक काडी टेकवायची. काडीचं दुसरं टोक दोऱ्यानं बांधलेलं असायचं काचेच्या नळीतल्या मांसाच्या एका बारीक पट्टीला. नळीत कोमट खारं पाणी, पाण्यात हवेचे बुडबुडे. पट्टी आकसली की काडी वर जाते आणि काजळी खरवडून पांढरी रेघ उमटते. पट्टी सैल पडली की रेघ खाली येते. कंपनीच्या काड्या जड असतात म्हणून सर माडाच्या झावळीचे हीर आणून, तासून, त्याच्या टोकाला जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा लावून स्वतः काड्या करायचे. केरसुणीतली काडी, आणि तिनं लिहिलेली ती पांढरी अक्षरं. मला पहिल्यांदा ते पाहून लांबून दिसणाऱ्या लाटांची आठवण झाली होती. मी लांज्याच्या आतल्या बाजूच्या गावातली. आमच्याकडून समुद्र दिसत नाही. त्या कागदावरच्या लाटांकडे मी प्रत्यक्ष लाटांपेक्षा जास्त वेळ पाहिलं असेल.

पट्टी नळीत टांगल्यावर सर तासभर काहीच करू द्यायचे नाहीत. हा त्यांचा नियम. दर पंधरा मिनिटांनी पाणी बदलायचं, बाकी नुसतं बसायचं. "तिला अजून कळलेलं नाही आपण कुठे आलो ते," म्हणायचे. "कळू दे. आधी नुसतं बघ." त्या तासात ते खिडकीशी स्टूल घेऊन बसत. खिडकीतून भाट्याच्या खाडीचा एक तुकडा दिसायचा. बुडबुड्यांचा आवाज, ड्रमच्या यंत्राची टिकटिक, खाडीवरचं पांढरं ऊन. मला वाटायचं, पट्टीबरोबर आम्हीही कशात तरी टांगलेले आहोत आणि हळूहळू सैल पडतो आहोत. तास संपला की ते कोणतंही औषध न घालता दोन-चार मिनिटं रेघ उमटू देत, आणि तिच्याखाली दाभणाच्या टोकानं बारीक अक्षरात लिहीत, 'औषध देण्यापूर्वी'. सगळे त्या जागी इंग्रजी शब्द लिहायचे. सर मराठीत लिहायचे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपलीकडे गेलं नव्हतं. बी.फार्म. झाल्यावर मी आणखी दोन वर्षं शिकायचं म्हटलं, तेव्हा बाबांनी होकार दिला तो एका बोलीवर. मुंबईला कामाला असलेल्या एका मुलाच्या घरी त्यांनी शब्द दिला होता की मे महिन्यापर्यंत मुलीचं शिक्षण उरकेल. प्रबंध एप्रिलात दिला तर पदवी हातात. नाही दिला तर पुढच्या सत्राचं कोण काय सांगणार. आमच्याकडे अर्धवट सुटलेलं शिक्षण पुन्हा धरलेल्या मुली मी पाहिल्या नव्हत्या. माझं सगळं त्या एका वहीवर आणि त्या काळ्या कागदांवर होतं.

विषय सरांनीच सुचवला. ॲड्रेनॅलिन माणूस घाबरला, धावला, भांडला की रक्तात उसळतं. हृदय जोरात ठोके देतं, रक्तवाहिन्या आवळतात. हे पुस्तकात होतंच. सर म्हणाले, "आवळ म्हणणारा कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुरे म्हणणारा कोण, ते बघू या."

त्याचं नाव प्रोस्टाग्लँडिन. मला तो शब्द आठवडाभर नीट म्हणता येत नव्हता. सरांनी मला पुस्तक दिलं नाही, रापण सांगितली. किनाऱ्यावरून पाण्यात लांबच लांब जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांना वीस-वीस माणसं दोर ओढतात, तीच. "ओढणारे सगळे ओरडत असतात. ओरडण्यानंच जोर येतो, ते ॲड्रेनॅलिन. पण त्यांच्यातच एक म्हातारा असतो. तो बाहेरून येत नाही, कुणी नेमलेला नसतो. जाळ्यावर ताण आला की तिथल्या तिथे म्हणतो, हळू रे, फाटेल. काम झालं की तो दिसतही नाही. शरीरात हा पदार्थ साठवून ठेवलेला नसतो. ताण पडला की तिथल्या तिथे तयार होतो आणि थोड्या वेळात विरून जातो. हृदयात तर तो थेट मज्जातंतूच्या टोकाशी जाऊन सांगतो, आणखी सोडू नको."

मी विचारलं, "म्हणजे सगळीकडे लगामच का, सर?"

"तसं लिहिलंस तर नापास करीन. एखाद्या स्नायूत लगाम, दुसऱ्यात टाच. म्हणून तर बघायचं. गोष्ट सांगितली ती समजायला. लिहायला नाही."

आम्ही बकऱ्याची तिल्ली, म्हणजे प्लीहा, घ्यायचं ठरवलं. तिल्लीच्या आवरणात स्नायू असतो, ॲड्रेनॅलिननं तो छान आवळतो, आणि आवळताना स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडतो. शिवाय एरवी तिला कुणी विचारत नाही. रोज सकाळी मी थर्मासमध्ये थंड खारं पाणी घेऊन मटणवाल्या चाचांच्या दुकानासमोर उभी राहायचे. गिऱ्हाइकांसमोर चाचांना भारी मजा यायची.

"काय गो, आज पण तिल्लीच? तुमच्या कालेजात मटण खायची बंदी हाय काय?"

"चाचा, ताजी द्या. मघाचीच हवी."

"मघाची? आता पाच मिन्टांआधी हलत व्हती. हिची परीक्षा घेताव, का ही तुमची घेते?"

तिल्ली आणून, स्वच्छ करून, पट्टी कापून नळीत टांगायची. ॲड्रेनॅलिनचे थेंब घालून रेघ किती वर जाते ते मोजायचं. मग शरीराला प्रोस्टाग्लँडिन बनवूच न देणारं औषध घालायचं, अर्धा तास थांबायचं, आणि पुन्हा तेवढेच थेंब. म्हातारा उठून गेला तर ओढणारे किती जोर लावतात, एवढंच पाहायचं होतं.

आणि काय रेघा आल्या. औषधाआधी टेकाडं आणि औषधानंतर सरळ डोंगर. जवळजवळ दुप्पट. रोज. नऊ आठवडे. मी ते कागद राळ आणि स्पिरिटच्या द्रावणातून काढून वाळत घालायचे, काजळी पक्की व्हायची, आणि दोरीवर ओळीनं लटकणाऱ्या त्या काळ्या कागदांखालून चालताना मला आपण कुणीतरी झालो असं वाटायचं. पूर्वी झालेल्या कामापेक्षा माझा फरक कितीतरी मोठा होता. सर प्रत्येक कागद बघून मान हलवत. फक्त मी पट्टीला दोरा बांधताना एकदा म्हणाले, "तुझा हात जड आहे गो." मला राग आला होता. शेतातला हात आहे, जड असणारच, असं मनात म्हटलं.

मार्चच्या सुरुवातीला मला ताप आला. कॉलेजला गेले, पण उभं राहवेना. सर म्हणाले, "तू बस. आज पट्टी मी लावतो." मी खुर्चीत गुंगीत बसून बघत होते. त्यांनी तिल्ली थंड पाण्यात नुसती तरंगत ठेवली, पाणी दोनदा बदललं, आणि पट्टी कापली ती अशी, की कापली कधी ते समजलं नाही. एक तास झाला. ॲड्रेनॅलिन घातलं. रेघ पहिल्याच वेळी इतकी वर गेली की काडी कागदाच्या बाहेर जाते की काय असं वाटलं. औषध घालून अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं. थोडीच जास्त. दुप्पट नाही, दीडपटसुद्धा नाही.

"सर, आजची तिल्ली खराब दिसते," मी म्हणाले.

त्यांनी कागद सोडवून राळेत बुडवला. दुसऱ्या दिवशी मला बरं वाटलं तेव्हा म्हणाले, "तू कशी धुतेस ते दाखव."

मी दाखवलं. आमच्याकडे मासे, मटण जसं धुतात तसं. मुठीत धरून, अंगठ्यानं चोळून, रक्ताचा शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळून, पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. आईनं मला आठव्या वर्षी शिकवलं होतं, पाणी नितळ येईस्तोवर हात थांबवायचा नाही. ते मी इतक्या मन लावून करत होते की मी ते करताना सर माझ्याजवळ यायचेही नाहीत. मला वाटायचं, त्यांचा विश्वास आहे.

सर बराच वेळ त्या गुलाबी पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चूक माझी पण आहे. मी स्वच्छता बघितली, हात बघितला नाही. तू तिला नळीत टांगायच्या आधीच एवढा ताण दिलास की म्हातारा आधीच 'हळू रे' म्हणत बसलाय. म्हणून पहिली रेघ खुजी. औषधानं त्याचं तोंड बंद केलं की एकदम डोंगर."

"पण पट्टी चोळल्यानं मेली असेल तर?"

"मेली असती तर औषधानं उठली असती का?"

मला हसू आलं आणि लगेच रडू. माझा तो मोठा फरक निम्म्याहून जास्त माझ्याच अंगठ्याचा होता. मी विचारलं, "आता काय करू?"

"कागद तुझे आहेत," ते म्हणाले. "खोटा एकही नाही. रोज तसंच झालं आणि तू तसंच लिहिलंस. लिहून दे, पास होशील. फक्त एक सांग मला. ही रेघ तिल्लीनं काढली, की तू?"

मुदतीला पाच आठवडे उरले होते. त्या संध्याकाळी मी भाट्याच्या पुळणीवरून पार टोकापर्यंत चालत गेले. भरती ओसरत होती. ओल्या वाळूवर लाटेनं ठेवलेल्या बारीक रेघा होत्या, एकीवर एक, आणि प्रत्येक पुढची लाट आधीची पुसत होती. सुरूच्या बनाशी बसून मी बाबांना फोन लावला. तिल्ली, ॲड्रेनॅलिन यातलं त्यांना काय सांगणार? मी एवढंच म्हणाले, बाबा, माझ्याकडून धुताना दांडगाई झाली, त्यानं सगळं वेगळं आलं. परत करायचं तर एप्रिलात होत नाही.

बाबांच्या मागं गोठ्यात काहीतरी वाजत होतं. ते म्हणाले, "म्हणजे भाताच्या आवणातलं रोप ओढून उपटल्यासारखं?"

"हो. तसंच."

"तसं उपटलं का लावल्यावर चार दिस मान टाकून ऱ्हातं. त्याला खत कमी पडलं असं नाय, बाय. त्याला हात लागलेला असतो." आणि लगेच म्हणाले, "मंग परत कर."

"आणि ते मुंबईचे?"

"त्यांना मी सांगतो. थांबले तर थांबले."

ते थांबले नाहीत. तेव्हा घरात दोन महिने कुणी नीट बोललं नाही, आज त्याबद्दल आम्ही हसतो. मी मात्र जूनपर्यंत तिल्ल्या धूत राहिले. सरांनी माझ्या हातावर हात ठेवून कधी शिकवलं नाही. ते शेजारी उभं राहून म्हणत, "पाणी धुतंय. तू फक्त तिथे आहेस." अर्ध्या पट्ट्या मी अलगद धुतल्या, अर्ध्या मुद्दाम जुन्या सवयीनं चोळून. दोन्ही शेजारी शेजारी लिहिल्या. मोठा फरक गेला, लहान फरक उरला. पण तो रोज उरला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे चोळण्याचं प्रकरण कशाला घातलंत? नसतं घातलं तरी चाललं असतं."

मी म्हणाले, "माझा हात जड होता, सर. ते लिहिल्याशिवाय बाकीचं खरं वाटलं नसतं."

काजळीसर तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. जणू खाडी त्यांनी प्रथमच पाहिली.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. सर निवृत्त झाले त्या सुमारास ड्रमही गेले. आता संगणकावर प्रयोग होतो. बटण दाबलं की बिनचूक रेघ येते, प्राण्याला हात लावावा लागत नाही. ते चांगलंच झालं असं सरही म्हणाले. पण भंगारात निघालेला एक ड्रम ते मागून घेऊन गेले, चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर ठेवून.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी पूर्णगडला त्यांना भेटायला गेले. किल्ल्याखालच्या वाटेवर त्यांचं घर. ओटीवर बसले होते. शर्ट पांढराच, बोटंही आता स्वच्छ. पण हात कापत होते. चहाचा कप बशीवर वाजत होता. मी बघते आहे हे पाहून म्हणाले, "ॲड्रेनॅलिन जास्त झालंय म्हण. म्हातारा झोपला असेल." मग उठून आत गेले आणि म्हणाले, "ये गो. एक काम आहे, मला एकट्याला जमत नाही."

मागच्या पडवीत ड्रम मांडलेला होता. कागद लावलेला. त्यांनी मला दिवा धरायला लावला आणि स्वतः ड्रम फिरवत राहिले. "अजून दोन फेऱ्या," म्हणाले. मग आपलं मनगट टेबलावर ठेवलं. नाडीवर बुचाचा चपटा तुकडा, त्याला दोरा, दोऱ्याला हिराची काडी. गाठ मारायची होती. त्यांची बोटं दोऱ्यापर्यंत पोचत नव्हती.

मी गाठ मारली. काडी कागदाला टेकली. रेघ उमटायला लागली ती नुसतीच थरथर. तिच्यात नाडी कुठे आणि कंप कुठे कळेना. मी त्यांच्या कोपराखाली तळहात ठेवला. धरला नाही, ठेवला. हळूहळू थरथर बारीक होत गेली आणि तिच्यातून ठोके वर आले, एकामागून एक, लांबून दिसणाऱ्या लाटांसारखे. बाहेर खाडीच्या मुखाशी होडीचं इंजिन चालू होतं. आम्ही दोघं किती वेळ तसे होतो कोण जाणे.

"हात हलका झाला तुझा," सर म्हणाले.

मग त्यांनी दाभण मागितलं आणि वेड्यावाकड्या अक्षरात रेघेखाली लिहिलं. कागद अर्धाच भरला होता. मी म्हटलं, पुढं चालू ठेवू या का? ते म्हणाले, "नको. उरलेला पुढच्या खेपेला."

पुढची खेप झाली नाही. होळीच्या आधी त्यांच्या मुलाचा फोन आला. मी गेले तेव्हा त्यानं तो कागद माझ्या हातात दिला. सरांनी तो राळेतून काढून, वाळवून ठेवला होता.

आता तो आमच्या प्रयोगशाळेत संगणकांच्या वरच्या भिंतीवर काचेत आहे. अर्ध्यात पांढऱ्या लाटा, अर्धा नुसता काळा. दरवर्षी नव्या वर्गातलं कुणीतरी विचारतंच, मॅडम, हे कुठलं औषध? मी त्यांना खालची अक्षरं वाचायला सांगते. ती जरा वेळानं लागतात. 'औषध देण्यापूर्वी'.

"आणि दिल्यानंतरची रेघ कुठे आहे?"

मी विचारणाऱ्यासाठी खिडकीशी स्टूल सरकवते आणि म्हणते, आधी एवढी नुसती बघ.